परीक्षेच्या सकाळी तेल्याचं तोंड

अठराशे त्र्याऐंशी साल होतं आणि मी एक्कावन्न वर्षांचा होतो. माझे दात शाबूत होते, घाणा चालू होता आणि ठाण्यात माझ्या तेलाला नाव ठेवणारा कोणी नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून काही लोक मला हट्टी म्हणतील. हट्टी तर मी आहेच. पण रिकामटेकडा माणूस कुठेतरी भांडण उकरत बसला, असं कोणी समजू नये.

शिक्षण म्हणाल तर दोन पावसाळे. तिसऱ्या पावसाळ्यात पंतोजी चार पोरांसमोर माझ्या बापाच्या धंद्याबद्दल काहीतरी बोलले, तेव्हा पाटी तिथेच ठेवून मी उठून आलो, तो परत गेलो नाही. बाळबोध लिपी वाचायला शिकलो ते पुढे मुलाच्या पुस्तकांवरनं, त्याच्याशेजारी बसून. म्हणून माझं अक्षर वाकडं आहे. ज्याला वाचवेल त्यानं वाचावं.

शाळेच्या गावात राहणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही. लोकांना वाटतं ठाणं म्हणजे कचेरी, तुरुंग आणि तलाव. कचेरी साहेबाची, तुरुंग कैद्यांचा. गाव मात्र पोरांचं होतं. इंग्रजी शाळेसाठी कल्याण, भिवंडी, शहापूर, पार खाली कोकणातनं आईबाप मुलं आणून सोडत. ज्याच्या घरात जादा खोली, त्यानं ती पोरांना दिली. ज्याच्याकडे नाही, त्यानं गाय विकून गोठा दिला. आमच्या टेंभीच्या आळीतच एका गोठ्यात चौघं राहत आणि पुस्तकं गव्हाणीत ठेवत. ऐकीव गोष्ट नाही, मी रोज बघत होतो.

तलावावर सकाळी धुणं घेऊन गेलेल्या बायकांना बसायला पायरी मिळत नसे. प्रत्येक पायरीवर एक पोर डोळे मिटून इंग्लंडच्या राजांची नावं घोकतंय. बायका तरी काय करणार, कान थोडेच मिटता येतात. माझी बायको भाकरी थापताना त्यातल्या एका राजाचं नाव पुटपुटत असे. तो कोण, कधी मेला, तिला काही ठाऊक नव्हतं. तालावर बसतं म्हणायची.

गावाचं पंचांगच वेगळं. लग्न काढायचं तर परीक्षा झाल्यावर. भिंत सारवायची तर पोरं सुटीला गेल्यावर. आळीत कोणी मोठ्यानं रडलं तरी समोरच्या ओट्यावरनं कोणीतरी ओरडणार, "अहो, मुलं वाचताहेत." मरणाऱ्यानंसुद्धा वेळ बघून मरावं अशी त्यांची अपेक्षा होती. मे महिन्यात पोरं गेली की गाव असं ओकंबोकं व्हायचं की कुत्रीसुद्धा भुंकायची विसरत. तेव्हा मात्र हेच ओरडणारे लोक ओट्यावर बसून म्हणणार, "करमत नाही हो."

माझा घाणा पूर्वी घरामागेच होता. घाण्याची लाट, म्हणजे बैल फिरवतो तो दांडा, फिरताना कुरकुरते, ती कुरकुरणारच, लाकूड आहे ते. पण आळीनं म्हटलं, मुलांचं चित्त उडतं. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. शेवटी मी घाणा उचलून खोपटला नेला. खोपट तेव्हा गावाबाहेर. बैलाला पाणी लांबून आणावं लागे, तेलाची भांडी रोज वाहून आणावी लागत. विद्येचं काम आहे म्हणून नेला, आणि कोणाला ऐकवलं नाही. आज ऐकवतो आहे.

शिवाय ती पोरं वाचत होती ती कशावर? रॉकेल नुकतं कुठे येऊ लागलं होतं. त्याला वास, धूर, डोळ्यांची आग. गरिबाची पोरं माझ्याच करडईच्या तेलावर दिवा लावत. दिवेलागणीआधी माझ्या ओट्यावर ही गर्दी. कोणाच्या हातात लोटी, कोणाच्या हातात वाटी, एकजण तर शाईची रिकामी दौत धुऊन आणायचा. माप भरलं की वर थोडी धार सोडायची, ही आमच्या घराची रीत. त्या धारेपायी सगळे मला मामा म्हणत.

"मामा, हात जरा सैल सोडा."

"तुझा अभ्यास आधीच सैल आहे, माझा हात कशाला?"

"अभ्यास तेलावरच चालतो, मामा."

"मग उद्या घाण्यात बस, तुझंच काढतो. दिवाही जळेल आणि पेंड बैलाला होईल."

असं चालायचं. डोंबिवलीकडचा एक पोरगा होता, भाताच्या खाचरातनं थेट शाळेत आलेला, तो हसता हसता तेल सांडायचा आणि मी परत भरून द्यायचो. मला आवडायचं हे सगळं. खोटं कशाला लिहू.

आता त्या सकाळबद्दल.

मॅट्रिकची परीक्षा मुंबईला असे, दिवाळी उलटल्यावर. वरच्या वर्गातली पोरं सगळी मिळून एकाच सकाळच्या गाडीनं निघत. आमच्या आळीतली, आसपासच्या आळ्यांतली, सगळी आमच्या वाटेनं स्टेशनाकडे जात. त्या सकाळी आळी नव्या नवरीसारखी सजायची. दारोदारी सडा, रांगोळी. भरल्या घागरी घेऊन सवाष्णी वाटेत उभ्या. कोणाची तरी गाय वासरासकट आणून बांधलेली. प्रत्येक पोराच्या तळहातावर दही. चांगले शकुन जितके गोळा करता येतील तितके करायचे.

आणि वाईट शकुन उचलून ठेवायचे. कोपऱ्यावरच्या घरात एक विधवा काकू राहत. गोठ्यातल्या त्या चार पोरांचा स्वयंपाक वर्षभर त्याच करत, परीक्षेच्या प्रवासाची शिदोरीही त्याच बांधून देत, पण त्या सकाळी त्यांनी दार लावून आत बसायचं. आळीत एक काळा बोका होता. त्याला आदल्या संध्याकाळीच टोपलीखाली घालून वर पाटा ठेवत. आणि तिसरा मी. तेली समोर आला की काम फसतं, असं मानतात. का मानतात ते मला माहीत नाही. मी पुष्कळांना विचारलं आहे. प्रत्येकजण म्हणतो, असं आहे खरं.

आमच्या तिघांत बोक्याची सोय बरी होती. त्याला टोपलीत दूध मिळे.

मी त्या दिवशी उजाडायच्या आत खोपटला निघून जात असे. कोणाला सांगावं लागत नसे. आळीत शुभकार्य असलं की बापही तसाच जायचा, आजाही जात असेल. घाण्यावर काम असतंच. वाईट वाटायचं का, असं कोणी विचारलं असतं तर मी त्यालाच वेडा ठरवला असता.

पण त्या साली माझा मुलगा परीक्षेला बसत होता.

आमच्या भाऊबंदांत इतकं शिकलेला तो पहिलाच. सात इयत्ता त्यानं माझ्याच तेलावर काढल्या आणि त्याच्या दिव्याच्या वाती मी मांडीवर वळल्या. मला त्याच्याकडनं नोकरी नको होती, पगडी नको होती. मला एवढंच हवं होतं की त्यानं माझ्या पुढच्या दारातनं, माझ्या देखत, बाकीच्यांबरोबर निघावं. बापानं मुलाला दारातनं निरोप द्यावा, एवढंच.

आदल्या दिवशी संध्याकाळी दोघं आले. एक आमच्या आळीतले पेन्शनर, कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. त्यांचा धाकटाही यंदा परीक्षेला होता. दुसरे इंग्रजी शाळेतले मास्तर, वय तिशीचं, स्वच्छ माणूस, मुलांना भूगोल आणि सृष्टिज्ञान शिकवायचे. माझ्या ओट्यावर बसले. गूळपाणी दिलं, ते घेतलं नाही. ते कधीच घेत नसत, तेव्हा त्याचं काही नाही.

रावसाहेब म्हणाले, "शेठ, उद्याची सकाळ."

"हो, उद्याची सकाळ. मुलगा निघणार."

"तेच. यंदा तुमच्या घरचाही मुलगा आहे, तेव्हा तुम्हाला वाटेल घरी थांबावं. साहजिक आहे. पण नेहमीसारखं तुम्ही खोपटला गेलात तर सगळ्यांचंच बरं."

"आणि मुलगा?"

रावसाहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी उपरणं सारखं केलं. म्हणाले, "त्याची सोय लावली आहे. तो मागच्या दारानं निघेल, रूळ ओलांडून कोपरीच्या बाजूनं स्टेशनात येईल आणि गाडी आली की आमच्याच डब्यात बसेल. डबा एकच. त्यात भेद नाही."

"डब्यात बसल्यावर तो तेली राहत नाही काय?"

"तसं नव्हे हो. निघताना समोर कोण येतं, एवढ्यापुरताच प्रश्न असतो."

"म्हणजे रुळाच्या अलीकडे तेली आणि पलीकडे विद्यार्थी."

रावसाहेब जरा चिडले. "तुम्ही शब्दात पकडू नका. इतकी वर्षं तुम्ही मानलंत, कधी तक्रार नाही. एक सकाळ निघून जाईल."

"इतकी वर्षं माझ्या घरनं कोणी परीक्षेला निघत नव्हतं, रावसाहेब."

मग मास्तर माझ्या बाजूला सरकून हळू आवाजात बोलले. "खरं सांगू का, मी स्वतः हे काही मानत नाही. पण मुलांचं मन कच्चं असतं. पेपर हातात आला आणि एखाद्याला आठवलं, की सकाळी असं असं झालं, तर तो घाबरणार. मुलांच्या मनाचं बघावं लागतं."

त्या बोलण्यानं माझं डोकं तापलं. रावसाहेबांचा मला इतका राग नव्हता. ते मानत होते आणि तसं तोंडावर म्हणत होते. हा माणूस मानत नव्हता आणि तरी माझ्या ओट्यावर येऊन बसला होता.

मी म्हटलं, "मास्तर, माझा मुलगा तुमच्या पुस्तकातनं मला ग्रहण वाचून दाखवतो. पृथ्वीची सावली पडते, राहू नाही, केतू नाही. खरं ना?"

"खरं."

"हे तुम्हीच शिकवता?"

"मीच शिकवतो."

"मग सूर्यचंद्राला सोडवलंत, आणि तेली तेवढा बाकी ठेवलात?"

मास्तर लालबुंद झाले. खाली बघत म्हणाले, "मुलांच्या आईबापांनी माझ्या भरवशावर मुलं सोडली आहेत. उद्या कोणी नापास झालं तर मला विचारतील."

"काय विचारतील? मामा दारात उभा होता काय?"

"हो," मास्तर म्हणाले. "तेच विचारतील."

त्यांचं उत्तर खरं होतं, म्हणून मला अजूनच झोंबलं. ज्या पोरांना मी वर्षभर वर धार सोडून तेल दिलं, त्यांच्या डोक्यात ते तेल गेलं नव्हतं आणि मास्तरांचं सृष्टिज्ञानही गेलं नव्हतं. मग इतके दिवे जळले कशासाठी? मी उठून उभा राहिलो. "बघतो," म्हटलं. ते हो समजून गेले.

आत गेलो तर मुलगा भिंतीला टेकून बसला होता. पत्र्याची पेटी भरलेली, वळकटी बांधलेली. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं, की याला आधीच सांगून झालं आहे, आणि यानं होही म्हटलं आहे.

"कधी सांगितलं तुला?"

"परवा. शाळेत."

"आणि तू मान हलवलीस."

"बाबा, एका सकाळचा प्रश्न आहे. कोपरीकडनं थोडा वळसा पडेल इतकंच. तिथे परीक्षेत तर सगळ्यांना एकच पेपर आहे."

"तुला वाटतं काय, की मी समोर आलो तर तुझा पेपर बिघडेल?"

तो लगेच "नाही" म्हणाला असता तर मी कदाचित खोपटला गेलोही असतो. पण त्याला विचार करावा लागला. मग म्हणाला, "मला नाही वाटत. पण त्यांना वाटतं, आणि मला त्यांच्याच बरोबर बसायचं आहे."

बायको चुलीपाशी होती. तिनं ताट वाढलं आणि विचारलं, "अहो, तुम्हाला मुलगा पास व्हायला हवाय, की तुमची मान वर राहायला हवीय?"

"दोन्ही."

"दोन्ही कोणाला मिळत नाही."

"रावसाहेबांच्या मुलाला मिळतं ते. त्याला कोणी विचारलं नाही, यातलं एक निवड म्हणून."

आम्ही जेवायला बसलो. तेवढ्यात मागच्या दाराशी कोपऱ्यावरच्या काकू आल्या. शिदोरीचे पदार्थ तळायचे होते, तेल कमी पडलं होतं. मी उष्टा हात धुऊन माप घेतलं.

काकू दाराबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, तुमच्याकडे सांगायला दोघं आले होते म्हणे."

"आले होते."

"मान आहे तुमचा. मला इतक्या वर्षांत कोणी सांगायलासुद्धा आलं नाही. मी आपली कडी लावून बसते." त्या हसल्या. "गेल्या साली कडीच्या फटीतनं बघितलं मी. गोठ्यातली तेव्हाची चौघं जाईपर्यंत डोळा लावून होते. बघितलं तर काय, चौघांतले तीन पास झाले."

"मग चौथा तुमच्यामुळे गेला म्हणायचा."

"चौथा कधी पुस्तक उघडायचा नाही. जेवायला मात्र पहिला."

मी तेल भरलं, वर धार सोडली, नेहमीपेक्षा जास्त. त्या गेल्यावर मुलाला म्हटलं, "हे बघ. तुला कोपरीकडनं जायचं तर जा. मी अडवणार नाही, रागावणारही नाही. पण मी उद्या खोपटला जाणार नाही. माझ्या दारात मी असणार. तू कुठल्या दारानं निघायचं ते तू बघ."

तो पास झाला की नापास, हे मला आजवर सगळ्यांनी विचारलं आहे. मी इथे ते लिहिणार नाही. पास म्हणून लिहिलं तर लोक म्हणतील, बघा, शेवटी तेल्याचाच मुलगा, त्याला तेली कसा बाधणार. नापास म्हणून लिहिलं तर म्हणतील, आम्ही सांगितलंच होतं. म्हणजे काहीही झालं तरी कारण माझं तोंडच. ज्यांना तेवढंच जाणून घ्यायचं असेल त्यांनी पुढचं वाचू नये, कारण पुढे फक्त दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे.

उजाडायच्या आत अंघोळ केली. लग्नकार्यात घालायचं पागोटं काढलं आणि धुवट धोतर नेसलो. पुढचं दार सताड उघडलं आणि ओट्यावर बसलो. बायकोनं कधी नव्हे ती इतकी मोठी रांगोळी काढली आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

थोड्या वेळानं आळी जागी झाली. घागरी घेऊन बायका बाहेर आल्या, मला बघितलं आणि घागरी खाली ठेवल्या. रावसाहेब दारात येऊन खाकरले. मी त्यांना रामराम केला. त्यांनी घेतला नाही. मग आळीच्या तोंडाशी पोरं गोळा झाली, कपाळावर गंध, हातात पेट्या, सोबत मास्तर. तिथेच थांबली. पेट्या घेऊन स्टेशनाकडे जाता येईल अशी वाट आमच्या आळीतनंच होती, आणि गाडी काही कोणाच्या शकुनासाठी थांबणार नव्हती.

डोंबिवलीकडचा तो पोरगा चार पावलं पुढे आला. "मामा," तो म्हणाला, "आत जा ना जरा."

"मामा इथेच आहे रे. ये की पुढे."

तो मागे वळून मास्तरांकडे बघत राहिला. मास्तर जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात घरात मागच्या दाराची कडी वाजली. मी वळलो नाही. मांडीवर हात ठेवून समोर बघत बसलो. कोपरीकडे जाणारी पाऊलवाट मागनंच निघते. मला वाटलं, गेला. मनात म्हटलं, बरं आहे, त्याचं आयुष्य त्यानं बघावं. असं म्हणायला सोपं होतं.

मग कडी परत लागल्याचा आवाज आला. बायकोच्या बांगड्या वाजल्या. आणि मुलगा पुढच्या दारातनं बाहेर आला, एका हातात पेटी, दुसऱ्या तळहातावर दही. त्यानं दही चाटलं, हात धोतराला पुसला, पेटी खाली ठेवली आणि सगळ्या आळीदेखत माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"मागनं का गेला नाहीस?" मी विचारलं.

"आई म्हणाली, रांगोळी पुढे काढलीय." तो पेटी उचलत म्हणाला. "चला बाबा, गाडी चुकेल."

मी त्याची वळकटी खांद्यावर घेतली आणि ओट्यावरनं उतरलो. त्याच्या शेजारी चाललो असतो, मागनंही चाललो असतो. पण मी पुढे झालो, आळीच्या मधोमध, म्हणजे त्याला स्टेशनापर्यंत समोर दुसरं कोणी दिसू नये. कोपऱ्यावरच्या घराचं दार वीतभर उघडं होतं. मागे बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग एकेक करून पेट्या उचलल्याचे आवाज आले आणि पुष्कळ पावलं आमच्या मागनं चालू लागली. मी वळून बघितलं नाही. वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि चालत राहिलो.